एमिल फोन बेरिंग : घटसर्पाचे विष उतरविणारा शिक्षकपुत्र

घटसर्प हे नाव आजच्या तरुण आईबापांच्या कानी क्वचितच पडते. पडले तरी खेड्यातील वाचकांना प्रथम आठवतो तो गुरांचा घटसर्प. पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांच्या दवाखान्यातील माणसे ज्याची लस टोचून जातात तो. नाव एकच असले तरी तो रोग निराळा आणि त्याचा जंतूही निराळा. ज्या घटसर्पाबद्दल येथे लिहावयाचे आहे तो माणसांचा, त्यातही विशेषेकरून लहान लेकरांचा रोग होय. डॉक्टर त्याला डिप्थेरिया म्हणतात.

या रोगाची सुरुवात फसवी असते. मुलाचा घसा दुखतो, अंग थोडे कोमट लागते, ते जेवणाला नको म्हणते. ताप फारसा नसल्यामुळे घरची मंडळी निर्धास्त राहतात. दोन दिवसांनी घशात पाहावे तो गाठींवर राखी रंगाचा एक चिवट पडदा धरलेला दिसतो. तो खरवडू गेले तर रक्त येते. पडदा खाली स्वरयंत्राकडे सरकला की श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, मान बैलाच्या मानेसारखी सुजते आणि मूल आईच्या मांडीवर, डोळे उघडे असताना, शुद्धीत असताना गुदमरू लागते. त्यातून वाचलेच तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आता बरे झाले म्हणून अंथरुणातून उठून बसलेले मूल एकाएकी हृदय बंद पडून जाते. कुणाची टाळू लुळी पडते आणि प्यायलेले पाणी नाकातून बाहेर येते.

एकोणिसाव्या शतकात या रोगाने युरोपात घरेच्या घरे ओस पाडली. एकट्या जर्मनीत दरवर्षी ५०,०००च्या आसपास मुले या रोगाने दगावत, असे त्या काळाविषयीच्या ग्रंथांत सांगितलेले आढळते. राजवाडेही सुटले नाहीत. ज्या व्हिक्टोरिया राणीचे राज्य आपल्या देशावर होते, तिची मुलगी अ‍ॅलिस ही जर्मनीतील हेस संस्थानात दिलेली होती. १८७८ साली तिच्या घरात घटसर्प शिरला. नोव्हेंबरात तिची चार वर्षांची लेक गेली, आणि मुलांची शुश्रूषा करता करता डिसेंबरात अ‍ॅलिसही गेली. राजवैद्यांच्या हाती उपाय काही नव्हता. गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवावी आणि वाट पाहावी, एवढेच ते करू शकत. नळीने वारा आत जाई, पण रक्तात भिनलेले विष नळीने उतरत नसे.

ते विष उतरविण्याचा मार्ग ज्यांनी शोधला ते एमिल बेरिंग त्या वर्षी चोवीस वर्षांचे होते आणि त्यांनी नुकतीच वैद्यकाची पदवी घेतली होती.

त्यांचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी प्रशियातील हान्सडोर्फ या खेड्यात झाला. हे खेडे आज पोलंडमध्ये आहे. वडील गावच्या शाळेचे मास्तर. घरात एकूण तेरा मुले. त्यांपैकी एमिल हे वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचे थोरले अपत्य. खेड्यातील मास्तराचा पगार तो किती आणि खाणारी तोंडे ती किती, याचा हिशेब आपल्याकडील कोणाही शिक्षकाच्या घरी ताबडतोब मांडता येईल. अशा घरातील हुशार मुलाने फार तर बापासारखा शिक्षक व्हावे, नाहीतर धर्मोपदेशक व्हावे, अशीच त्या प्रदेशातील रीत होती. डॉक्टरकीचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता.

वाट निघाली ती सैन्याकडून. बर्लिन येथे लष्कराची एक वैद्यकीय पाठशाळा होती. तेथे शिक्षण फुकट मिळे. मात्र पदवी घेतल्यावर कित्येक वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागे. आजच्या भाषेत त्याला बाँड म्हणतात. १८७४ साली बेरिंग त्या पाठशाळेत दाखल झाले, १८७८ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि १८८० मध्ये सरकारी परीक्षा दिली. त्यापुढील काही वर्षे या छावणीतून त्या छावणीत अशी गेली. शिपायांच्या जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, आजारीपणाचे दाखले लिहिणे हे त्यांचे काम. पुष्कळांची बुद्धी अशा नोकरीत गंजून जाते. बेरिंग यांच्या बाबतीत मात्र त्या जखमांतूनच पुढचा सारा शोध निघाला, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे.

त्या काळी जखमेवर आयोडोफॉर्म नावाची पिवळी, उग्र वासाची पूड टाकीत. जखम त्याने बरी होई. पूड जंतूंना मारते म्हणून जखम बरी होते, असा सर्वांचा समज होता. बेरिंग यांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना असे दिसले की या पुडीने जंतू फारसे मरत नाहीत, परंतु जंतूंनी सोडलेले विष मात्र निष्प्रभ होते. जंतू निराळा आणि जंतूचे विष निराळे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसली. मग त्यांनी मनाशी प्रश्न घातला : बाहेरच्या जखमेत जे होते तेच शरीराच्या आत, रक्तात घडवून आणता येईल काय?

१८८८ मध्ये त्यांची बदली बर्लिनला झाली आणि १८८९ मध्ये ते रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करू लागले. क्षयाचा जंतू शोधणारे हेच ते कॉख. त्या काळी जंतुशास्त्र शिकणाऱ्याला जगात दोनच मोठी विद्यापीठे होती म्हणा ना : बर्लिनमध्ये कॉख आणि पॅरिसमध्ये पाश्चर. घटसर्पाचा जंतू तोपर्यंत सापडला होता. एडविन क्लेप्स यांनी १८८३ मध्ये तो पडद्यात पाहिला आणि फ्रीडरिख लोफ्लर यांनी १८८४ मध्ये तो वेगळा काढून वाढविला. लोफ्लर यांना एक कोडे पडले होते. मेलेल्या मुलाच्या घशात जंतू सापडतो, हृदयात सापडत नाही. तरी हृदय बिघडलेले असते. ते कोडे १८८८ मध्ये पॅरिस येथे एमिल रू आणि आलेक्सांद्र येर्सँ यांनी सोडविले. जंतू वाढविलेले पाणी त्यांनी अतिशय बारीक छिद्रांच्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळले. जंतू वर राहिले. खाली आलेल्या निर्जंतुक पाण्याचे काही थेंब टोचताच प्राणी मेले. जंतू घशातच बसून राहतो आणि त्याचे विष अंगभर फिरते, हे त्यामुळे सिद्ध झाले. बेरिंग यांना हवा होता तो धागा हाच होता.

त्यांनी गिनीपिगांना घटसर्प लावला आणि आयोडीनची निरनिराळी औषधे त्यांना टोचून पाहिली. बहुतेक प्राणी मेले. कोणी रोगाने मेले, तर कोणी औषधाने. औषध जंतूइतकेच जहाल होते. परंतु मोजके काही गिनीपिग, अंगावर जखमा घेऊन का होईना, तगले. या तगलेल्यांना बेरिंग यांनी पुन्हा घटसर्पाचे विष टोचले. एरवी जेवढ्या विषाने प्राणी खात्रीने मरावा तेवढे टोचूनही ते मेले नाहीत. तेव्हा त्यांनी या प्राण्यांचे रक्त काढून, ते साकळू देऊन वरचे पिवळसर पाणी, म्हणजे ज्याला आपण सीरम म्हणतो ते, घेतले आणि विषात मिसळले. ते मिश्रण निरोगी प्राण्याला टोचले तर त्याला काही झाले नाही. विषावर उतारा तयार करण्याची शक्ती रक्तातच होती. औषधाच्या बाटलीत जे वर्षानुवर्षे शोधले ते आजारातून उठलेल्या प्राण्याच्या अंगात तयार होते.

याच संस्थेत त्यांच्या शेजारच्या मेजावर शिबासाबुरो कितासातो हे जपानी संशोधक काम करीत होते. धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढविण्याचे, इतरांना न साधलेले काम त्यांनी १८८९ मध्ये केले होते. धनुर्वाताच्या बाबतीतही रक्तातील उतारा अगदी असाच मिळतो, हे दोघांना आढळून आले. ४ डिसेंबर १८९० रोजी दोघांच्या नावे एक छोटा निबंध जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. नाव घटसर्प आणि धनुर्वात या दोहोंचे होते, तरी त्यात वर्णिलेले प्रयोग मुख्यतः धनुर्वाताचे, म्हणजे कितासातो यांच्या हातचे होते. आठवड्याने बेरिंग यांनी एकट्याच्या नावाने घटसर्पावरचा निबंध छापला. त्या दिवसांत जर्मनीत साऱ्यांचे कान कॉख यांच्या ट्युबरक्युलिनकडे लागले होते. क्षयावर औषध सापडल्याचा तो गाजावाजा पुढील वर्षी फोल ठरला. दोन तरुणांच्या त्या निबंधाकडे सामान्य लोकांचे लक्ष गेले नाही.

प्रयोगशाळेतील गिनीपिगापासून आजारी मुलापर्यंतचे अंतर मोठे होते. गिनीपिगाच्या अंगात रक्त ते किती! सुरुवातीला बेरिंग व त्यांचे सहकारी एरिख वेर्निके यांनी मेंढ्या घेतल्या. पैशांची इतकी टंचाई की प्राण्यांच्या चाऱ्याची चिंता करावी लागे. १८९१ च्या नाताळच्या रात्री बर्लिनच्या एका इस्पितळात मरणाच्या दारातील बालकाला सीरमची पहिली सुई टोचली गेली आणि ते वाचले, अशी एक सुरस कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती वाचावयास गोड आहे, पण तिला पुरावा नाही आणि जाणकारांनी ती संशयास्पद ठरविली आहे. खरी हकीकत याहून रखडत गेली. पहिल्या सीरमचा जोर कमी पडे. कधी गुण येई, कधी येत नसे. कोणत्या कुपीत किती शक्ती आहे हेच कळत नसे.

ही अडचण दूर केली पाउल एर्लिख यांनी. प्राण्याला विषाची मात्रा कशी चढत्या क्रमाने द्यावी म्हणजे सीरम जोरदार होते, आणि त्या सीरमचा जोर नेमका कसा मोजावा, हे त्यांनी बसवून दिले. दुधाला जसे माप तसे सीरमला माप मिळाले. १८९७ साली त्यांनी ठरविलेली मापनाची रीत हीच पुढे जगभर अशा मापनांचा पाया ठरली. इकडे होख्स्ट येथील रंगांच्या कारखान्याने बेरिंग यांच्याशी १८९२ मध्ये करार केला होता. १८९४ मध्ये तेथून सीरम विक्रीस निघाले.

त्याच वर्षी पॅरिसला रू यांनी मेंढ्यांऐवजी घोडे वापरले. घोडा मोठा, शांत, त्याचे रक्त पुष्कळ, आणि विषाच्या लहान लहान मात्रा सोशीत तो महिनोन्‌महिने उतारा तयार करीत राहतो. पॅरिसमधील मुलांच्या इस्पितळात घटसर्पाने आलेल्यांपैकी सुमारे निम्मी मुले मरत असत. सीरम सुरू केल्यावर ते प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले. रू यांनी हे आकडे १८९४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या वैद्यकीय परिषदेपुढे ठेवले. पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने निधीची हाक देताच घोड्यांसाठी लोकांनी पैसे पाठविले. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात १८७० च्या युद्धाचे वैर अजून धुमसत होते, तरी बेरिंग आणि रू यांनी एकमेकांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले आणि त्यांची मैत्री टिकली. बेरिंग यांच्या चरित्रातील हा भाग वाचताना मनाला बरे वाटते, कारण इतर बाबतींत त्यांचा स्वभाव इतका उदार नव्हता.

एर्लिख यांच्याशी त्यांचे बिनसले ते पैशावरून आणि मानावरून. सीरमच्या विक्रीतील आपला वाटा एर्लिख यांनी सोडून द्यावा, मोबदल्यात सरकारकडून त्यांना स्वतंत्र संस्था मिळेल, असे त्यांच्या गळी उतरविण्यात आले. त्यात आपली फसगत झाली अशी एर्लिख यांची भावना झाली आणि ती अखेरपर्यंत गेली नाही. बेरिंग मात्र श्रीमंत झाले. १८९४ मध्ये ते हॅले येथे प्राध्यापक झाले आणि १८९५ मध्ये मारबुर्ग येथे. दुसरी नेमणूक विद्यापीठातील प्राध्यापकांच्या मनाविरुद्ध, शिक्षण खात्यातील आल्टहोफ या वजनदार अधिकाऱ्याच्या पाठिंब्यावर झाली. शिकविण्यात त्यांचा जीव रमत नसे. १८९६ मध्ये बर्लिनच्या शारिते इस्पितळाच्या संचालकांची कन्या एल्झे स्पिनोला हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा मुलगे झाले.

याच १८९६ साली बर्लिनमध्ये एक दुःखद घटना घडली. एका नामांकित डॉक्टरांच्या सुदृढ, अजून दोन वर्षेही पुरी न झालेल्या मुलाला केवळ खबरदारी म्हणून सीरम टोचले, आणि काही मिनिटांत ते मूल गेले. घोड्याचे रक्त माणसाच्या अंगाला परके असते. क्वचित एखाद्याच्या शरीराला ते मुळीच सोसत नाही, ही गोष्ट तेव्हा कोणाला नीट उमगली नव्हती. शिवाय दुसरीही उणीव ध्यानात येत होती. सीरमने मिळणारे संरक्षण उसने असते. घोड्याने तयार केलेला उतारा मुलाच्या अंगात दोन-तीन आठवडे राहतो आणि झिजून जातो. मुलाच्या शरीराने स्वतः काहीच केलेले नसते. पुढच्या महिन्यात शेजारी घटसर्प आला तर ते मूल पुन्हा होते तसेच उघडे.

१९०१ हे वर्ष बेरिंग यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे. वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि त्याच वर्षी सरदारकी मिळून नावात ‘फोन’ आले. पारितोषिक एकट्या बेरिंग यांना मिळाले. कितासातो यांच्या वाट्याला काही आले नाही. ज्या निबंधाने या शास्त्राचा पाया घातला त्यावर दोन नावे होती, हे पाहता हा निर्णय न्यायाचा होता असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. कितासातो १८९२ मध्येच मायदेशी परतले होते. तेथे त्यांनी मोठी संस्था उभी केली, आणि २०२४ साली जपानने काढलेल्या हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

स्टॉकहोममध्ये पारितोषिकाची तयारी चालू होती त्याच सुमारास, १९०१ च्या शरद ऋतूत, अमेरिकेतील सेंट लुइस शहरात भलतेच घडले. सीरम देणाऱ्या एका घोड्याला धनुर्वात झाला होता. त्याला मारून टाकले, पण त्याचे आधी काढलेले सीरम नजरचुकीने वाटले गेले. घटसर्पातून वाचविण्यासाठी ज्यांना सुई टोचली अशी तेरा मुले धनुर्वाताने मेली. सीरम आणि लसी तयार करणाऱ्यांवर देखरेख ठेवणारा कायदा अमेरिकेने १९०२ मध्ये केला तो यामुळे. आज लसीच्या प्रत्येक खेपेची तपासणी झाल्यावाचून ती बाहेर पडत नाही. त्या शिस्तीच्या मुळाशी ही तेरा मुले आहेत.

नोबेलनंतरची दहा-बारा वर्षे बेरिंग यांना फारशी यशाची गेली नाहीत. क्षयावर मात करावी या ध्यासाने त्यांनी गुरांसाठी लस काढली, माणसांसाठी औषधे काढली. कोणतेही टिकले नाही. लहान मुलांना क्षय दुधातून होतो यावर त्यांचा इतका भर होता की दुधात फॉर्मॅलिन घालावे असेही त्यांनी सुचविले. ते कोणी मानले नाही हे बरेच झाले. १९०४ मध्ये त्यांनी मारबुर्गला स्वतःचा कारखाना काढला. पुढे मनाच्या खिन्नतेने त्यांना इतके घेरले की १९०७ पासून सुमारे तीन वर्षे त्यांना आरोग्यधामात काढावी लागली. घरी सहा मुले, गाठी पैसा, जगभर कीर्ती, आणि माणूस मात्र एका खोलीत मुका बसलेला. त्या काळच्या चरित्रकारांनी ही गोष्ट झाकून ठेवली. झाकण्यासारखे तीत काय होते, कळत नाही.

तेथून उठून आल्यावर त्यांनी जे केले ते, माझ्या मते, नोबेलच्या शोधाहूनही मोठे होय. सीरमचे संरक्षण उसने असते, मग मुलाच्या शरीरालाच उतारा तयार करावयास का लावू नये? अडचण एवढीच की त्यासाठी मुलाला खुद्द घटसर्पाचे विष टोचावे लागणार, आणि तसे करण्यास कोणती आई तयार होईल? १९१३ मध्ये बेरिंग यांनी तोड काढली. विष आणि प्रतिविष म्हणजे उतारा अशा प्रमाणात मिसळावयाचे की विषाचा दात पडावा, पण शरीराने त्याला ओळखून आपली तयारी सुरू करावी. निरोगी मुलांना हे मिश्रण टोचले असता त्यांच्या अंगात स्वतःचा उतारा तयार झाला आणि तो पुष्कळ काळ टिकला. सीरम आजारी मुलाचे औषध होते. ही निरोगी मुलाची लस झाली. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या बेला शिक यांनी हातावर विषाचा एक सूक्ष्म टोचा देऊन कोणत्या मुलाला घटसर्पाचा धोका आहे हे ओळखण्याची परीक्षा काढली. या दोन्हींच्या आधाराने न्यूयॉर्क शहरात विल्यम पार्क यांनी मुलांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे काम हाती घेतले.

जर्मनीत मात्र त्यास फुरसत मिळाली नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि खंदकांतील चिखलाने माखलेल्या जखमांतून धनुर्वात पसरला. सुरुवातीला सीरम पुरे पडेना. पुरवठा वाढवून प्रत्येक जखमी शिपायाला ते टोचण्याची व्यवस्था झाल्यावर धनुर्वाताचे प्रमाण एकदम खाली आले. ज्या सैन्याच्या पैशावर मास्तरांचा मुलगा डॉक्टर झाला होता त्याची ती फेड म्हणावयास हरकत नाही. युद्ध चालू असतानाच, ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे न्यूमोनियाने बेरिंग यांचे निधन झाले. न्यूमोनियावर तेव्हा ना औषध होते ना लस.

त्यांच्या १९१३ च्या मिश्रणात एक धोका उरला होता : प्रमाण चुकले तर विष मोकळे होई. तो १९२३ मध्ये फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी घालविला. त्यांनी विषात फॉर्मॅलिन घालून ते काही आठवडे उबेत ठेवले. विषाचा घातकपणा कायमचा गेला, ओळख तेवढी राहिली. यालाच विषाभ म्हणतात, आणि आजही लसीत असतो तो हाच. बेरिंग दुधात घालू पाहत होते ते फॉर्मॅलिन शेवटी त्यांच्याच विषाच्या कामी आले, ही गंमतच. पुढे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र त्रिगुणी लस झाली.

आपल्या महाराष्ट्राचा या घोड्यांशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे सीरमसाठी जात. त्यातूनच आपणच सीरम का करू नये ही कल्पना निघाली आणि १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे उत्पादन धनुर्वाताचे सीरम होते. भारत सरकारने १९७८ मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक केला. २०११ मध्ये केरळ व तामिळनाडूपासून पंचगुणी लस येऊ लागली. तीत त्रिगुणी लसीच्या जोडीला कावीळ-ब आणि हिब या जंतूवरची लस असते. हा हिब पाच वर्षांखालील मुलांना मेंदूच्या आवरणाचा दाह आणि न्यूमोनिया करतो. ज्या न्यूमोनियाने बेरिंग गेले त्याच्या एका मोठ्या कारणावरची, न्यूमोकॉकसवरची लसही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या कार्यक्रमात आली आहे.

पंचगुणी लस बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची झाली की टोचतात. पुष्कळ घरांत हे तीन डोस झाले की काम संपले असे मानतात, आणि तेथेच घोटाळा होतो. विषाभाने मिळालेली शक्ती हळूहळू ओसरते. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचे असताना त्रिगुणीचा जादा डोस, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडीची सुई असते. टीडीतले ‘डी’ हे घटसर्पाचे अक्षर होय. शाळेत आरोग्य खात्याची माणसे ही सुई घेऊन येतात त्या दिवशी हजेरीपटावर गैरहजेरी वाढलेली दिसते, असा अनुभव कितीतरी मुख्याध्यापक सांगतील.

सोव्हिएत संघ मोडला तेव्हा तेथील लसीकरणही विस्कटले. १९९० नंतरच्या आठ-नऊ वर्षांत त्या देशांत दीड लाखाहून अधिक लोकांना घटसर्प झाला आणि सुमारे ५,००० मेले. दोन पिढ्यांतील डॉक्टरांनी तो रोग पाहिलाच नव्हता. साक्षरतेत अग्रेसर असलेल्या केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, २०१६ साली घटसर्प उसळला, आणि रुग्णांत लस अपुरी घेतलेली किंवा मुळीच न घेतलेली मुले पुष्कळ होती. २०१७ च्या अखेरीस बांगलादेशातील कॉक्सबाजार येथे म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत तो पसरला. हजारो रुग्ण निघाले, त्यांत बहुसंख्य मुले. लस सर्वांना टोचण्याची मोहीम सुरू झाली, पण जी मुले आधीच पडली होती त्यांना बेरिंग यांचे जुने सीरमच हवे होते. मागणी नसल्यामुळे ते जगात फार थोड्या ठिकाणी तयार होत होते. छावणीतील डॉक्टरांपाशी मोजक्या कुप्या होत्या. रोज सकाळी खाटांच्या रांगेवरून फिरून, कोणाचा पडदा किती खाली उतरला आहे, कोणाची मान किती सुजली आहे, हे पाहून आज कोणत्या मुलाला सीरम द्यावयाचे ते त्यांना ठरवावे लागत होते.